रेस सोडली की फटाके

साडेआठला शटर वर करतो. शनिवार आहे. उद्या खासबागचा रविवारचा बाजार, त्यामुळे आज ज्याला त्याला गाडी अंधार पडायच्या आत हवी. गल्लीतले यंत्रमाग केव्हाच सुरू झालेले असतात. त्या खटखटीत इंजिन ऐकायचं म्हणजे कान थेट सायलेन्सरपाशी न्यावा लागतो.

पहिलं गिऱ्हाईक वडगावचे विणकर मामा. स्प्लेंडरवर साड्यांचा गठ्ठा बांधूनच आलेत. "रेस सोडली की फटाके फोडूलालीय बघा. लोक वळून बघतात."

मी पान्याला हात लावत नाही, आधी विचारतो. आवाज कार्बोरेटरकडून येतो की मागून? रेस देताना की सोडताना? मधे कुणी गाडी खोलली होती का? मागून, सोडताना, आणि हो, गेल्या महिन्यात सायलेन्सर काढून वेल्डिंग केलं होतं. निम्मं काम इथंच होतं.

रेस सोडली तरी चाक इंजिनाला फिरवतच असतं. कार्बोरेटरची मोठी वाट बंद, पेट्रोल येतं ते फक्त स्लो जेटमधून. इतकं विरळ मिश्रण सिलिंडरमध्ये कधी पेटतं, कधी न पेटताच पुढे जातं. तापलेल्या पाइपात त्याला ताजी हवा भेटली की ते तिथं भडकतं. म्हणून मी आधी हवेची वाट शोधतो.

"धूर बाहेर जातो तिथनं हवा आत कशी येणार?" मामांचा प्रश्न रास्त आहे. धूर सलग वाहत नाही, झटक्यांनी सुटतो. प्रत्येक झटक्यामागे पाइपात क्षणभर ओढ तयार होते आणि फट असेल तिथून बाहेरची हवा आत खेचली जाते.

इंजिन गार होऊ दिलं, मग बेंड पाइप हेडला जुळतो तिथं साबणाचं पाणी सोडलं, गाडी चालू केली, सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दाबलं. खालच्या नटाजवळ बारीक फेस उसळला. नट काढले तर हेडवर काजळीची काळी रेघ, एका बाजूनं फुटलेल्या पंख्यासारखी. आतली गोल पॅकिंग जुनीच परत बसवलेली, चपटी झालेली. ही रिंग एकदा दबली की दबली, सायलेन्सर काढला की नवीन घालायलाच हवी. नवी बसवली, दोन्ही नट आळीपाळीनं थोडेथोडे आवळले. येळ्ळूर रस्त्यावर चक्कर मारून आलो, दोन-तीनदा मुद्दाम रेस सोडली. गप्प. स्टँडवर उभ्या गाडीवर हे कळत नाही, रस्त्यावरच बघावं लागतं.

अकराच्या सुमारास कॉलेजचा पोरगा दीडशे सीसी घेऊन आला. त्यानं स्वतःच कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून बघितला होता. याचा मला खरंच त्रास होतो. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असला तर तो हवेचा, सैल केला की मिश्रण विरळ होतं; इंजिनच्या बाजूला असला तर मिश्रणाचा, सैल केला की पेट्रोल वाढतं. ते न बघता फिरवलं की मूळ दोषावर दुसरा दोष बसतो आणि पहिला सापडेनासा होतो. स्क्रू पूर्ववत केला. मॅनिफोल्डच्या रबरावर क्लीनर फवारला, पण इंजिनाचा सूर बदलला नाही, म्हणजे तिथून हवा जात नव्हती. मग एअर फिल्टरकडून एक्झॉस्टला हवा पोचवणाऱ्या व्हॉल्व्हची नळी चिमट्यानं दाबून धरली आणि त्याला फिरून यायला सांगितलं. फटाके थांबले. रेस सोडताच तो व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. डायफ्राम फाटला की उघडाच राहतो. नळी कायमची बंद करून देणं सोपं होतं. केलं नाही. ती हवा धुरातलं उरलेलं पेट्रोल जाळायला दिलेली असते. नवा व्हॉल्व्ह मागवला.

दुपारी भाकरी खाऊन तासभर टेकलो.

तीनला बुलेटवाला. याला फटाके कमी नकोत, वाढवून हवेत. "सायलेन्सरची जाळी काढा की, मामा." नाही म्हटलं. या गल्लीत मागावर दिवसभर बसून थकलेली माणसं झोपतात, पोरं परीक्षेचा अभ्यास करतात. जुन्या कार्बोरेटरच्या बुलेटला उतारावर हलकी फुटफुट असायचीच, ती मी दोष मानत नाही. बंदुकीसारखा बार मात्र मी कुणालाही काढून देणार नाही. तो रागानं गेला.

मग एक बीएस-६. एप्रिल 2020 पासूनच्या या गाड्यांत पाइपातला सेन्सर ऑक्सिजन मोजतो. सेन्सरच्या आधी गळती असली की बाहेरची हवा बघून त्याला मिश्रण विरळ वाटतं आणि कॉम्प्युटर उगाच पेट्रोल वाढवतो. इथंही सुरुवात साबणाच्या पाण्यानंच.

पाचला निपाणीचे एक काका, केए-२३ पासिंग. घरी जाताना तवंदी घाट उतरायला लागलं की गाडी फुटत सुटते. पॅकिंग बघितली, ठीक. नळी दाबली, तरी फुटतेच. प्लगचा रंगही बरा, विटकरी. आता संशय एक्झॉस्टच्या टॅपेटवर. तो घट्ट असला तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, जळतं मिश्रण पाइपात निसटतं आणि व्हॉल्व्हची कड हळूहळू करपते. पण टॅपेट गार इंजिनवरच मोजायचा असतो आणि ही गाडी आताच थांबलेली.

"आज ठेवून जावा री. सकाळी उठल्या उठल्या फिलर गेज लावतो."

"उद्या बाजार न्हवं? उघडता?"

"दुपारपर्यंत."

काकांनी डिकीतून डबा काढला, किल्ली माझ्या हातात दिली आणि बसस्टँडची रिक्षा धरली.