ऑस्ट्रेलियाचें युद्धकाव्य

युद्धकाव्य म्हणजे पराक्रमाचा पोवाडा, अशी सर्वसाधारण समजूत असते. ऑस्ट्रेलियांतही आरंभ असाच झाला. १९१५ सालच्या गॅलिपोलीच्या मोहिमेंत त्या देशाचे सुमारें ८,००० तरुण कामास आले. पुढच्याच वर्षीं सी. जे. डेनिस यानें मेलबर्नच्या गल्लींतला ‘जिंजर मिक’ हा उनाड गडी आपल्या पद्यांतून रणांगणावर नेला आणि तेथेंच त्यास वीरमरण दिलें.

दुसऱ्या महायुद्धांत हा सूर पालटला. केनेथ स्लेसर हा कवि सरकारनें नेमलेला युद्धवार्ताहर होता. १९४२ सालीं एल अलामेनजवळ समुद्रानें किनाऱ्यावर आणून टाकलेलीं खलाश्यांचीं प्रेतें, हा त्याच्या ‘बीच बरिअल’ या कवितेचा विषय. तींत ना रणवाद्यें, ना जयघोष. कोणी एक जण सवड काढून त्यांना वाळूंत पुरतो आणि लाटांनींच आणलेल्या लाकडाचा क्रूस वर रोवतो. त्यावर पेन्सिलीनें लिहिलेलीं अक्षरेंही ओलाव्यानें फिसकटतात. नांवें तर कोणास ठाऊकच नाहींत! हे आपले कीं शत्रूचे, याचा निवाडा कवि करीत नाहीं. वाळूनें सर्वांस सारखेंच पोटांत घेतलेलें असतें.

पोवाड्यास नायकाचें नांव लागतें. ज्यांचें नांवही उरलें नाहीं, त्यांचे स्मरण कसें करावें, या प्रश्नाचें स्लेसरची कविता हेंच एक उत्तर आहे.