अकरावी सायन्स, मुक्काम वारूळवाडी

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावाला खेटून वारूळवाडी आहे. एक गाव कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. मीना नदी, ऊस, द्राक्षांच्या बागा, टोमॅटोचे क्रेट भरून बाजाराकडे निघालेले पिकअप. आणि सकाळी रस्त्याच्या कडेने चाललेली, पाठीला दप्तर लावलेली पोरंपोरी. त्यातल्या काहींच्या दप्तरात अकरावी सायन्सची पुस्तकं असतात. त्या पुस्तकांत जे छापलंय, ते इथून पूर्वेला दहा-पंधरा किलोमीटरांवर, खोडदच्या माळावर, प्रत्यक्ष उभं आहे. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांच्या रूपात. मी जेव्हा जेव्हा याचा विचार करतो तेव्हा मला या मुलांचा हेवा वाटतो.

2017 साली आलेल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘अवकाश निरीक्षण : दुर्बिणी’ असा एक धडा आहे. गडचिरोलीची मुलगी तो वाचते, सावंतवाडीचा मुलगा वाचतो, आणि त्यात याच तबकड्यांनी बनलेल्या, नारायणगावाजवळच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीचं नाव येतं. त्यांच्यासाठी तो परीक्षेला येणारा एक मुद्दा असतो. वारूळवाडीच्या मुलासाठी तो शेजार असतो.

अकरावीत गेल्यावर पहिला धक्का मात्र आकाशाचा बसत नाही, भाषेचा बसतो. सत्तरच्या दशकात आपल्याकडे 10+2+3 ची रचना आली आणि अकरावी-बारावीला ‘ज्युनिअर कॉलेज’ हे नाव मिळालं. गावाकडे ही कॉलेजं बहुतेक वेळा शाळेच्याच आवारात भरतात. नारायणगावचं ग्रामोन्नती मंडळाचं रा. प. सबनीस विद्यामंदिर असंच शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय मिळून आहे. इमारत बदलत नाही, पण फळ्यावरची भाषा एका सुट्टीत बदलते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं मूल अपवर्तन, त्वरण, संवेग, मूलद्रव्य या शब्दांत विचार करत असतं. सायन्सला प्रवेश घेतला की त्याच गोष्टी रिफ्रॅक्शन, अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम, एलिमेंट होऊन समोर येतात. पहिले तीन-चार महिने हुशार मुलंही गप्प बसलेली असतात, आणि शिक्षक समजतात की त्यांना विषय येत नाही. विषय येत असतो. शब्द नवा असतो. जे शिक्षक फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहितात, त्यांच्याइतकं मोठं काम त्या वर्षी दुसरं कुणी करत नाही, असं माझं ठाम मत आहे. कारण ‘अपवर्तन’ हा शब्द फोडून पाहिला तर किरण वळल्याचं त्यातच सांगितलेलं सापडतं. ही शिदोरी टाकून देण्यासारखी नाही.

बाकीचा दिवस जुन्नर तालुक्यातल्या कुठल्याही मुलासारखाच. वाड्यावस्त्यांवरून एसटीने यायचं. मुलांना सवलतीचा पास, मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत. दिवस लहान झाले की घरी परतायची घाई, कारण जुन्नरच्या उसात बिबट्या आहे आणि आई दारात उभी असते. प्रॅक्टिकलचं जर्नल, सह्या, क्लास. फिजिक्सच्या शंभरातले 30 गुण प्रॅक्टिकलचे, 70 लेखी. शिवाय पुढच्या प्रवेशासाठीची सीईटी, ज्यात साधारण एक पंचमांश प्रश्न अकरावीवर असतात. म्हणून ‘अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष’ ही गावातली जुनी समजूत फार महागात पडते.

आता माळावर येऊ. अकरावीच्या गणितात शांकव येतात, त्यात अन्वस्त म्हणजे पॅराबोला. त्याचा एक गुण मुलं पाठ करतात: अक्षाला समांतर आलेला प्रत्येक किरण परावर्तित होऊन एकाच बिंदूत, नाभीत, जातो. खोडदची प्रत्येक तबकडी म्हणजे हे एक वाक्य, पोलादात लिहिलेलं. पण जवळ गेलं की माणूस चक्रावतो, कारण ती तबकडी भरीव नाही. ती जाळी आहे! अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा स्टेनलेस स्टीलच्या तारांची, दहा ते वीस मिलिमीटरच्या भोकांची जाळी. पलीकडचं आकाश दिसतं, वारा आरपार जातो.

मग लहरी का निसटत नाहीत? कारण ही दुर्बीण ज्या लहरी टिपते त्यांची लांबी काही सेंटिमीटरांची नाही, वीस-एकवीस सेंटिमीटरांपासून दोन मीटरपर्यंतची आहे. एवढ्या लांब लहरीला दोन सेंटिमीटरचं भोक जाणवतच नाही, तिला ती जाळी सलग भिंत वाटते. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओळखलं. जाड पत्रा लावला असता तर वजन वाढलं असतं, वाऱ्याचा मारा सोसायला सांगाडा आणखी भारी करावा लागला असता आणि खर्च आवाक्याबाहेर गेला असता. त्यांनी ताणलेल्या दोरखंडांवर ही हलकी जाळी बसवली. गावाच्या आसपास शोधलं तर मळ्याच्या कुंपणाला यापेक्षा जाड तार सापडेल.

जागा हीच का, तेही सांगायला हवं. रेडिओ दुर्बिणीला अंधार नको असतो, शांतता हवी असते, तीही रेडिओ लहरींची. शहराचा कल्लोळ इथून दूर आहे आणि डोंगरांचा आडोसा आहे. म्हणूनच तिथं गेलं की मोबाइल बंद करायला सांगतात. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की खिशातला फोन त्याच्यापुढे आरडाओरडा ठरतो.

तीस तबकड्यांपैकी चौदा साधारण एक चौरस किलोमीटरात दाटीने उभ्या आहेत. उरलेल्या सोळा तीन बाहूंवर इंग्रजी वाय अक्षरासारख्या दूरवर पसरल्या आहेत, इतक्या की टोकांमधलं अंतर सुमारे 25 किलोमीटर होतं. एकच तबकडी आकाशाकडे पाहील तर 21 सेंटिमीटरच्या लहरीसाठी तिला चंद्रबिंबाच्या निम्म्याहून मोठा भाग एकच ठिपका म्हणून दिसेल. पण बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात सहावं प्रकरण लहरींच्या अध्यारोपणाचं आहे आणि सातवं प्रकाशाच्या तरंगस्वरूपाचं. दोन लहरी एकत्र आल्या की कुठे एकमेकींना उचलून धरतात, कुठे पुसून टाकतात. दोन तबकड्यांकडे आलेली एकच लहर जुळवून पाहिली, तर तिच्या पोहोचण्यातल्या सूक्ष्म फरकावरून ती नेमकी कुठून आली ते काढता येतं. तबकड्या जितक्या लांब, तितकं चित्र बारीक. 25 किलोमीटरच्या अंतराने तो ठिपका चंद्रबिंबाच्या रुंदीच्या सुमारे नऊशेव्या भागाएवढा उरतो.

आणि अशा जोड्या किती? अकरावीच्या गणितातल्या संचय-क्रमचयाच्या प्रकरणाने हे काढता येतं. तीसमधून दोन निवडायच्या: 30 गुणिले 29 भागिले 2. उत्तर 435. वहीत दोन ओळींचं गणित. माळावर मात्र त्या सगळ्या 435 जोड्या एकाच वेळी, ऑप्टिकल फायबरने जोडलेल्या, काम करत असतात.

28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला शाळा-कॉलेजांतल्या मुलांच्या प्रकल्पांचं प्रदर्शन भरतं. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1928 मध्ये याच तारखेला लावलेल्या शोधाची आठवण म्हणून हा दिवस पाळतात. आसपासच्या गावांतून माणसं लोटतात. शेतकरी, आज्या, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, आणि समोर पुठ्ठा, तारा, मोटार घेऊन उभं राहिलेलं पोर. ते पोर त्या दिवशी जे करतं ते परीक्षेत कधीच करावं लागत नाही. ज्याला विषय माहीत नाही अशा माणसाला तो मराठीत समजावून सांगायचा. वर्षभर फळ्यावर वाचलेला शब्द इथं पुन्हा घरी येतो. दुर्दैवाने बारावीची मुलं यात फारशी नसतात, कारण त्या दिवसांत त्यांचे बोर्डाचे पेपर चालू असतात. मला ही फार मोठी हुकलेली संधी वाटते.

21 सेंटिमीटर हा आकडा मी मघापासून घेतोय, तो हायड्रोजनचा आहे. अकरावीच्या रसायनशास्त्रात अणुरचनेचा धडा आहे. त्यात इलेक्ट्रॉनचा स्पिन शिकवतात. हायड्रोजनच्या अणूतल्या एकुलत्या एका इलेक्ट्रॉनचा हा स्पिन उलटला की 21 सेंटिमीटरची लहर बाहेर पडते. एका अणूच्या बाबतीत असं साधारण एक कोटी वर्षांत एखाद्या वेळी घडतं, पण विश्वात हायड्रोजन इतका आहे की लहरी येतच राहतात. जानेवारी 2023 मध्ये जाहीर झालं की खोडदच्या दुर्बिणीने अशीच एक लहर पकडली आहे, जी सुमारे 8.8 अब्ज वर्षांपूर्वी एका आकाशगंगेतून निघाली होती. वाटेत विश्व प्रसरण पावत गेलं आणि ती ताणली जाऊन 48 सेंटिमीटरची झाली. मधल्या एका आकाशगंगेच्या गुरुत्वाने भिंगासारखं काम करून तिचा संदेश मोठा केला, म्हणून ती सापडली. ती निघाली तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. मीना नदी वाहायला लागायला अजून अब्जावधी वर्षं होती. ती येऊन थांबली त्या तारांच्या जाळीवर, जिच्यापासून दहा-पंधरा किलोमीटरांवर एक मुलगी एसटीच्या खिडकीपाशी बसून इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा धडा पाठ करत वारूळवाडीच्या थांब्याची वाट पाहत असते.