हातोहात जाणारा निरोप

दिवे, पंखे, दारे यांनी तारेवाचून एकमेकांना निरोप द्यावेत, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. निरोप जातो कसा, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

'झिगबी' ही एक रूढ पद्धत घ्या. तिचा पाया म्हणजे २००३ साली प्रसिद्ध झालेले ८०२.१५.४ हे मानक. सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपनांच्या रेडिओलहरी ती वापरते. वायफायचाही एक पट्टा हाच. पण झिगबीचा आवाज मुद्दामच बारीक ठेवलेला असतो. म्हणून तर एखादे बटण नाण्याएवढ्या बॅटरीवर महिनोन्‌महिने चालते. मग हा बारीक आवाज तीन भिंतींपलीकडे पोचावा कसा? विहिरीवरून घागरी हातोहात घरी येतात ना, तसा! एक यंत्र ऐकते, ते दुसऱ्याला देते, दुसरे तिसऱ्याला.

गोम इथेच आहे. ही हातोहात चाकरी करतात ती घरच्या विजेवर सतत चालू असलेली यंत्रे. बॅटरीवरची यंत्रे बहुतेक वेळ झोपलेली. ती स्वतःपुरते बोलतात, दुसऱ्याचा निरोप पुढे नेत नाहीत.

आता समजा, मागच्या खोलीत आजींच्या उशाशी बोलावण्याचे बटण आहे. त्याचा निरोप बोळातल्या स्मार्ट दिव्यामार्फत दिवाणखान्यातल्या हबकडे, म्हणजे मुख्य यंत्राकडे, जातो. रात्री कुणी काटकसरी माणूस बोळातले भिंतीवरचे बटण खटकन बंद करतो. (काटकसरी माणूस प्रत्येक घरात एक असतोच.) दिवा विझला आणि दुवाही तुटला! दुसरी वाट जवळ नसेल, तर आजी बटण दाबीत राहतील आणि घर झोपून राहील.

तेव्हा मधला दुवा दिव्यावर सोपवू नये. कायम चालू राहणारा झिगबीचा प्लग बसवावा. हब वायफायच्या पेटीला चिकटून नको. आधी हबजवळची विजेवरची यंत्रे जोडावीत, मग दूरची, आणि बॅटरीवरची शेवटी, जिथे राहायची तिथेच ठेवून. नवे यंत्र आत घेण्याची मुभा हब थोडा वेळ देतो. काम होताच ती बंद झाली की नाही ते पाहावे, कारण घरच्या निरोपांची गुप्त किल्ली त्याच वेळी दिली जाते.

आणि वीज गेली तर? नुसता हब इन्व्हर्टरवर असून भागत नाही. बोळातला तो प्लगही इन्व्हर्टरच्याच तारेवर हवा.