बहुवारिक मिश्रणांचे प्रवाहवर्तन व संरचना

बहुवारिक मिश्रण म्हणजे दोन किंवा अधिक बहुवारिके (प्लास्टिके) सामान्यतः वितळलेल्या अवस्थेत एकत्र करून बनवलेला पदार्थ. त्याचे गुणधर्म घटकांच्या प्रमाणावर अवलंबून असतात, तसेच वितळलेला पदार्थ यंत्रातून कसा वाहिला यावरही अवलंबून असतात. प्रवाहात घडलेली सूक्ष्म संरचना थंड होताना गोठते व वस्तूत कायम राहते.

मिश्रणीयता

लहान रेणूंचे द्रव एकमेकांत मिसळताना अव्यवस्था (एंट्रॉपी) पुष्कळ वाढते. बहुवारिकांच्या लांब साखळ्यांत ही वाढ फार थोडी असते, हे पॉल फ्लोरी व मॉरिस हगिन्स यांनी १९४१-४२ च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडले. त्यामुळे बहुतेक जोड्या मिसळत नाहीत. पॉलिफेनिलीन ऑक्साइड व पॉलिस्टायरीन ही पूर्ण मिसळणारी जोडी अपवादात्मक आहे. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन दिसायला सारखी असली, तरी वितळल्यावर वेगळीच राहतात.

प्रवाहातील संरचना

न मिसळणाऱ्या जोडीत कमी प्रमाणातील घटकाचे थेंब दुसऱ्या घटकात विखुरतात. दोन्हींचे प्रमाण जवळपास सारखे असल्यास दोन्ही घटकांची एकमेकांत गुंतलेली सलग जाळी बनू शकते. प्रवाहाचे कर्तन थेंबाला ताणते, तर आंतरपृष्ठ ताण त्याला गोल ठेवू पाहतो. या दोहोंच्या गुणोत्तरावर थेंबाचे फुटणे ठरते, हे जी. आय. टेलर यांनी १९३०च्या दशकात दाखवले. साध्या द्रवांत थेंबाची श्यानता भोवतालच्या द्रवाच्या सुमारे ४ पटींहून अधिक असेल, तर तो केवळ कर्तनाने फुटत नाही. त्यासाठी ताणणारा प्रवाह लागतो. फुटलेले थेंब एकमेकांवर आदळून पुन्हा जुळतात. दोन्ही घटकांशी जुळणारे गट असलेला अनुकूलक घातल्यास हे जुळणे कमी होते व थेंब मूळ घटकाला घट्ट धरून राहतात.

वितळलेल्या प्लास्टिकची श्यानता कर्तनवेग वाढला की घटते. वितळ-प्रवाह निर्देशांक मात्र एकाच भाराखाली मोजतात (पॉलिएथिलीनसाठी सामान्यतः १९०° से. व २.१६ किलोग्रॅम). त्यामुळे समान निर्देशांकाची दोन प्लास्टिके यंत्राच्या डायमध्ये वेगळी वागू शकतात.

ठिबक नळ्यांचे उदाहरण

बीड जिल्ह्यातील गेवराईसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत कापूस, ऊस व फळबागांसाठी वापरल्या जाणाऱ्या ठिबक सिंचनात या विषयाचा रोजचा संबंध येतो. ठिबकच्या काळ्या उपनळ्या पॉलिएथिलीनच्या असतात. रेषीय कमी घनतेच्या पॉलिएथिलीनमुळे नळी ताणाखाली सहजी तडकत नाही. शाखायुक्त कमी घनतेचे पॉलिएथिलीन वितळलेल्या अवस्थेत ताण सहन करते आणि जास्त कर्तनवेगाला अधिक पातळ होते, म्हणून दोन्ही एकत्र वापरणे सोयीचे ठरते. हे दोन प्रकार वितळलेले असताना बऱ्याच अंशी मिसळतात, पण थंड होताना त्यांचे स्फटिक वेगवेगळे बनू शकतात. सुमारे २ ते ३ टक्के काजळी उन्हातील अतिनील किरणांपासून संरक्षण देते. ती नीट न विखुरल्यास तिच्या गाठी तडा जाण्याची ठिकाणे बनतात.

पुनर्वापर

जुन्या उपनळ्यांबरोबर विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या पोत्यांचे तुकडे भंगारात आले, तर पाण्यात टाकून ते वेगळे होत नाहीत. दोन्हींची घनता पाण्याहून कमी असल्याने दोन्ही तरंगतात. पीव्हीसी पाइपचे तुकडे मात्र बुडतात. एकत्र वितळवल्यावर या दोहोंतील सांधा कमकुवत राहतो व नव्या नळीवर दाब येताच तेथूनच भेग सुरू होऊ शकते. असे मिश्रण बाहेरून एकजीव दिसते. नमुना द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून तोडल्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेल्या पृष्ठभागावर सुटलेले थेंब व त्यांच्या खळग्या दिसतात. म्हणून भंगार वितळवण्यापूर्वी प्रकारानुसार वेगळे करणे, किंवा योग्य अनुकूलक वापरणे, टिकाऊ पुनर्वापरासाठी आवश्यक ठरते.