शिजेपर्यंत

आषाढ संपता संपता आई गच्चीच्या पायरीवरच्या शेवाळावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. प्लॅस्टर घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, पाच आठवडे. आईने दवाखान्यातल्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे अख्खा श्रावण गेला की रे." दुखण्याबद्दल एक अक्षर नाही.

मी घरून काम करायची परवानगी काढून पुण्याहून डोंबिवलीला आलो. माझा स्वयंपाक म्हणजे कुकर, आमटी, फार तर बटाट्याची भाजी. आईच्या श्रावणाचं वेळापत्रक मात्र तिच्या सासूपासून, म्हणजे अलिबागच्या आजीपासून चालत आलेलं. त्यात मनगट मोडलं म्हणून सूट नाही. तोडगा असा निघाला की तिने ओट्यासमोर खुर्ची टाकून बसायचं आणि मी हात चालवायचे. रात्री मी एका जुन्या डायरीत तीन नोंदी करायचो: काय शिजवलं, काय वाचलं, काय पाहिलं. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की या तीन नोंदी वेगळ्या नाहीतच. काय वाचायचं आणि काय पाहायचं ते त्या दिवशी काय शिजतंय त्यावर ठरत होतं.

याचं कारण साधं आहे. स्वयंपाकातल्या काही कामांत हात अडकतात पण डोळे मोकळे असतात. काहींत हात मोकळे, फक्त जागचं हलता येत नाही. आणि काही कामं हात, डोळे, कान सगळंच मागतात. आईला हे कधी सांगावं लागलं नसेल, पण आयुष्यभर ती रेडिओ कुठल्या कामाला लावायचा आणि कुठल्या कामाला बंद करायचा हे बरोबर जाणून होती.

पहिल्या गटातलं सर्वांत मोठं काम म्हणजे वाल सोलणं. आमच्याकडे श्रावणी सोमवार सोडायला डाळिंब्यांची उसळ लागते. तीही कडव्या वालांची. शनिवारी सकाळी अर्धा किलो वाल भिजत घातले. रात्री निथळून ओल्या फडक्यात करकचून बांधले आणि वर झाकण ठेवलं. रविवारी रात्रीपर्यंत बारीक मोड आले. सोलायच्या आधी ते कोमट पाण्यात टाकायचे. मी पाणी चांगलं कढत केलं होतं. "अरे, शिजवायचेत का आत्ताच? बोट बुडवून बघ, बोटाला बरं वाटलं पाहिजे." बोटाला बरं वाटेल इतकं पाणी केलं. दहा मिनिटांत साली सैल झाल्या. मग वालाचं टोक चिमटीत धरून दाबलं की आतलं बिरडं टुणकन बाहेर येतं. येतं म्हणजे आईच्या हाताला येतं. माझ्या हातून पहिली पाच-पंचवीस कपाटाखाली गेली, काहींचे दोन तुकडे झाले. वालाचं पाणी बुळबुळीत असतं, बोटांना पकड मिळत नाही. चिमटी घट्ट नको, सैल हवी आणि अंगठा किंचित पुढे सरकला पाहिजे, हे कळायला अर्धा तास गेला.

पहिल्या रविवारी मी उत्साहाने एक कोरियन मालिका लावली होती. ऑफिसात सगळे तिचं कौतुक करत होते. वीस मिनिटांनी आई म्हणाली, "हे काय बोलतायत ते वाचू की वाल बघू?" खाली पाहिलं तर माझ्या पातेल्यात बिरड्यांबरोबर साली आणि सालींच्या ढिगात बिरडी. उपशीर्षकांचं आणि वालांचं जमत नाही. मालिका बंद केली आणि 1979 सालचा 'सिंहासन' लावला. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. हा चित्रपट अर्धा कानांनी पाहता येतो. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि निळू फुल्यांचा पत्रकार बोलत असताना नजर परातीत असली तरी काही निसटत नाही. चेहरा बघावासा वाटला की मान वर करायची, तेवढ्यात हातातला वाल आपोआप सुटतो. शेवटाकडे मात्र आम्ही दोघंही नुसते बघत बसलो, परात तशीच.

दुसऱ्या रविवारी चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (2014). त्याच्याबद्दल धाकधूक होती, कारण त्यात भाषा तीन-चार आहेत आणि वेग संथ. पण तो संथपणाच कामाला आला. कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो, माणसं चौकटीत येतात-जातात, आपण दोन वाल सोलून वर पाहावं तर सगळं अजून तिथेच. सरकारी वकील बाई कोर्टातून निघते, मुलाला घेऊन घरी येते आणि थेट स्वयंपाकाला लागते, तो प्रसंग आला तेव्हा आई इतका वेळ गप्प होती ती म्हणाली, "हिने वकिली केली काय नि नाही केली काय, गॅसपाशी हीच." या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा मी त्यावर बरंच काही वाचलं होतं. गीतांजली कुलकर्णीच्या त्या प्रसंगावर इतकं नेमकं कोणी लिहिल्याचं मला आठवत नाही. चित्रपट दोन तासांना थोडा कमी आहे. तो संपला तेव्हा माझे वाल मूठभर उरले होते.

'गुलाबजाम' (2018) ही चूक ठरली. लंडनची नोकरी सोडून मराठी स्वयंपाक शिकायला पुण्यात येणारा मुलगा आणि डबे करणारी राधा. माझ्या परिस्थितीला इतका लागू चित्रपट दुसरा नसेल. पण पडद्यावर इतकं खमंग शिजत असताना हातातल्या कच्च्या वालाकडे लक्ष कोण देणार? त्या रात्री पाव किलोसुद्धा झाले नाहीत, आणि दहा वाजता आम्ही तूप-मेतकूट-भात खाल्ला.

उसळीचं सांगायचं राहिलं. तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, मग डाळिंब्या, आणि त्या बुडतील इतकंच गरम पाणी. डाव घालायचा नाही. पातेलं दोन्ही कानांनी धरून हलवायचं, नाहीतर डाळिंब्यांचा लगदा होतो. मऊ झाल्यावर आमसुलं, गूळ, तिखट, मीठ, ओलं खोबरं. कांदा-लसूण नाही, श्रावण आहे. पातेलं हलवायच्या कामाला मी अजूनही घाबरतो.

दुसरा गट वाट पाहण्याचा. यात पुस्तकं आली. आईला डाव्या हाताने पुस्तक धरून पान उलटणं जड जात होतं, म्हणून मी मोठ्याने वाचायचो. नागपंचमी 29 जुलैला होती. त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. उरतं काय, तर उकडणं. म्हणून पातोळ्या. हळदीची पानं स्टेशनजवळच्या बाजारात आघाडा-दूर्वा विकायला बसलेल्या बाईकडे मिळाली, पाच पानांची जुडी. पानं धुऊन पुसली. तांदळाच्या पिठीत मीठ आणि पाणी घालून सरसरीत भिजवली. पानावर हाताने पातळ थर दिला, अर्ध्या भागावर गूळ-खोबऱ्याचं सारण पसरलं आणि पान लांबीत मिटलं. माझा थर जाड होत होता. आई म्हणाली, "पानाची शीर दिसली पाहिजे पिठातून." मोदकपात्रात पंधरा मिनिटं.

हळदीचं पान हातात असताना फारसा वास येत नाही. वाफ लागली की पाचव्या-सहाव्या मिनिटाला तो घरभर होतो आणि मग कोणीतरी शेजारून विचारायला येतंच. या पंधरा मिनिटांत आम्ही लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' सुरू केलं. मोठ्याने वाचताना पानाला दोन मिनिटं लागतात, म्हणजे एका घाण्याला सात पानं. तीन घाणे झाले. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण आलं तेव्हा आई प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून हसत होती. हे पुस्तक स्वयंपाकघरात वाचावं असंच आहे. बाई समोर बसून सांगतायत असं वाटतं, आणि मध्येच उठून झाकण काढून आलात तरी त्या थांबतात. शेवटचा भाग त्यांच्या हातून अपुरा राहिला, तो मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरा केला. तो आम्हाला अळूवड्यांच्या दिवशी लागला.

पातोळी गरम असतानाच पान सोडवायचं. पांढऱ्या पोळीवर पानाच्या सगळ्या शिरा उमटलेल्या असतात. वर तूप. माझ्या पहिल्या घाण्याच्या पातोळ्यांवर शिरा नव्हत्या, दुसऱ्यापासून दिसायला लागल्या.

अळूवडीला वाट दोनदा पाहावी लागते. काळ्या देठाचं अळू आणायचं, पालथ्या पानाच्या शिरा लाटण्याने दाबून सपाट करायच्या, चिंच-गुळाचं बेसन फासत मोठ्या पानावर लहान पान रचत जायचं, कडा मुडपायच्या, घट्ट वळायचं. उंडे वीस-पंचवीस मिनिटं उकडतात. मग ते पूर्ण गार व्हावे लागतात, गरम कापले तर वडीचे थर सुटतात. चिंचेत कंजूषी केली तर घसा खवखवतो. या गार होण्याच्या तासाभरात मी दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' काढलं. बारा महिन्यांवरचं 1956 सालचं पुस्तक, त्यातला श्रावण. ते मोठ्याने वाचायचं पुस्तक नाही, हे दुसऱ्या पानावर कळलं. त्याला थांबत, मागे जात, एकट्याने वाचायला हवं. "तू वाच, मी ऐकते नुसता पाऊस," असं म्हणून आईने डोळे मिटले. मी मनात वाचलं. याच दुर्गाबाईंनी 'खमंग' नावाचं पाककृतींचं पुस्तकही लिहिलंय. निरीक्षण तेच, विषय तेवढा वेगळा.

आणि मग नारळीभात. हा दोष सर्वस्वी माझा. 'सिंहासन' पाहिल्यापासून अरुण साधूंची 'मुंबई दिनांक' घेऊन बसलो होतो. नारळी पौर्णिमेच्या दिवशी तांदूळ धुऊन निथळले, तुपात लवंगा टाकून परतले, पाणी घातलं, झाकण ठेवलं आणि कादंबरी उघडली. ती खाली ठेवण्याजोगी कादंबरी नाही. आई आतल्या खोलीत फोनवर होती. पाणी आटल्यासारखं दिसलं म्हणून गूळ आणि खोबरं ढकललं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. आईने येऊन एक शीत चिमटीत दाबलं. "कणी आहे." मी म्हटलं, अजून पाणी घालतो. "आता विहीर उपसलीस तरी व्हायचा नाही." तांदळाला एकदा गूळ लागला की शीत पुढे मऊ होत नाही, आहे तिथेच राहतं. म्हणून भात आधी पुरता मोकळा शिजवून, परातीत गार करून, मग त्याला गूळ लावायचा. कपाटातल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'त मी नंतर शोधायला गेलो. आईची प्रत जुनी, पानं सुटलेली, समासात तिची पेन्सिल. 1970 साली आलेल्या या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या मापांनी कितीतरी घरांत नव्या सुनांची लाज राखली. पण त्या पानावर आईची पेन्सिल नव्हती. तिला कधी गरज पडली नसावी. तो भात आम्ही चावत चावत खाल्ला.

तिसऱ्या गटाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण त्या दिवशी डायरीतले दोन रकाने कोरे आहेत. पुरणपोळी. डाळ शिजेपर्यंत काहीही वाचा, पण कट काढून गूळ घातला की संपलं. पुरण तळाशी लागतं, अंगावर उडतं, उलथनं त्यात उभं राहीपर्यंत ढवळावं लागतं. मग पुरणयंत्र, मग कणीक तिंबणं, मग लाटणं. नऊ पोळ्यांपैकी चार फुटल्या. रेडिओसुद्धा लावला नव्हता.

22 ऑगस्टला, पिठोरी अमावास्येला, प्लॅस्टर काढलं. मनगट बारीक झालं होतं, बोटं आखडली होती. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने स्पंजचा चेंडू दिला आणि दिवसातून चार वेळा दाबायला सांगितलं. आईने तो दोन दिवस दाबला आणि फ्रिजवर ठेवून दिला. श्रावण संपला तरी पुढच्या आठवड्यात तिने मला पुन्हा वाल भिजवायला लावले. रविवारी रात्री परात मध्ये घेऊन बसलो. मी चित्रपट शोधत होतो, तोवर तिने सुरुवातही केली होती, उजव्या हाताने, सावकाश, एकेक. तासाभराने पातेलं भरलं. त्यातले माझे मूठभर होते.