बोलती मुलं (भाग ५) : आधी गावचं तळं, मग पाणी वाचवा

मागच्या भागात श्वास आणि आवाज पाहिला. या वेळी मुलांनी बोलावं कशावर आणि कोणत्या भाषेत, ते पाहू.

१५ ऑगस्टच्या आधीचा आठवडा आठवा. बाई भाषण लिहून देतात किंवा घरचं कुणी मोबाइलवरून उतरवून देतं, आणि आठवी-नववीची पोरं ते घोकतात. ‘अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग’ इथपर्यंत गाडी सुसाट. मग एक शब्द निसटतो आणि पोरगी गप्प. घोकलेल्या मजकुरात पुढचं वाक्य मागच्या वाक्यावरूनच आठवतं. मधलं एक गेलं की पुढचा रस्ता बंद. त्यात छातीतली धडधड सुरुवातीलाच सर्वांत जास्त असते. म्हणून पाठ करायचीच तर पहिली दोन आणि शेवटचं एक, एवढीच वाक्यं करावीत. मधलं मुद्द्यांवर बोलावं.

पण मुद्दे सुचायला विषय आपला हवा. ‘पाणी वाचवा’ यावर तेरा वर्षांची मुलगी काय नवं सांगणार? तिला ‘आमच्या गावचं तळं’ द्या. गोंदिया-भंडारा हा तलावांचा मुलूख. मालगुजारीच्या काळातले मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि शेतातल्या बोड्या इथे गावोगाव आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात धरणारं कुणी नव्हतं. मुलीला तळ्यावर पाठवा. तुडुम (तळ्याचं पाणी सोडायचं दार) उघडलं की पाणी आधी कुणाच्या धानाच्या बांधीत जातं? गाळ शेवटचा कधी काढला? ढिवरांना मासे पूर्वीसारखे मिळतात का? रोवणीच्या वेळी पाऊस दडी मारतो तेव्हा पाण्यावरून भांडण होतं का? आजोबांना विचारून आली की वहीत पाचच शब्द लिहू द्या : पार (तळ्याचा बांध), तुडुम, गाळ, मासे, भांडण. वाक्य एकही नाही. या पाच शब्दांवर ती दोन मिनिटं सहज बोलते, कारण यातलं काहीच तिला आठवावं लागत नाही. ते तिला माहीत असतं.

आता भाषा. इथल्या घरांत झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी बोलतात, गोंदिया शहरात हिंदीही भरपूर. मूल ‘पानी’ म्हणालं आणि भर वर्गात कुणी ‘पाणी म्हण’ असं टोकलं, की त्याचं पुढचं सगळं लक्ष ण आणि ळ यांच्यावर जातं. तळं राहतं बाजूला. गोंदियातल्या किशोरांना माणसांची भीती कमी आणि चुकीचं बोलण्याची भीती जास्त, असं माझं ठाम मत आहे. म्हणून पहिली फेरी घरच्या बोलीत होऊ द्या, एकदाही न टोकता. तेच दुसऱ्यांदा प्रमाण मराठीत. सुधारणा सगळ्यात शेवटी, एका वेळी एकच, आणि बाजूला बोलावून. स्पर्धेत प्रमाण भाषेला गुण असतात, हे मुलांपासून लपवू नका. पण तिथे जायची वाट घरच्या बोलीतून जाऊ द्या.

आपली बोली मंचावर चालते, हे या मुलांना वेगळं पटवून द्यावं लागत नाही. धान निघाल्यावर इथल्या झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटकं चालतात, दंडारीसारखं लोकनाट्य होतं. समोर अख्खा गाव बसलेला आणि मंचावर कधी गावचाच माणूस. अशा एखाद्या हौशी नटाला शाळेत बोलावून, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचवतो ते मुलांना विचारू द्या.

सरावाला मंच लागत नाही. आधी बाकावरच्या जोडीदाराला सांगायचं, मग चौघांना, मग वर्गाला, आणि परिपाठाला सगळ्यात शेवटी. ऐकणाऱ्यांना काम एकच : बोलणं संपलं की एक खरा प्रश्न विचारायचा. ‘मग तुझ्या बांधीला पाणी भेटलं का?’ असं मैत्रिणीनं विचारलं की वही आपोआप मिटते आणि मुलगी समोर बघून उत्तर देते. प्रश्नांना तोंड कसं द्यायचं, विशेषतः उत्तर येत नसेल तेव्हा, ते पुढच्या आठवड्यात.