महाग लॅपटॉप अखेरीस स्वस्त पडतो काय?

दरवर्षी बारावीचा निकाल लागला, की वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचे पालक एक प्रश्न हमखास घेऊन येतात. मुलीला अभियांत्रिकीस प्रवेश मिळालेला असतो, महाविद्यालयाने लॅपटॉप आणावयास सांगितलेले असते आणि बचत गटाकडून अथवा एखाद्या नातलगाकडून उचललेली रक्कम हाती असते. दुकानदार म्हणतो, "थोडे जास्त घाला, सहा वर्षे बघायला नको." शेजारी म्हणतो, "सगळे सारखेच, स्वस्तातला घ्या." आयुष्यातील पहिलीच एवढी मोठी खरेदी करणाऱ्या कुटुंबाला या दोन सल्ल्यांतून एक निवडावा लागतो आणि तो चुकला, तर दुसऱ्यांदा तेवढी रक्कम उभी राहत नाही. म्हणून या प्रश्नाची थोडी सविस्तर चर्चा करीत आहे.

प्रथम हिशेबाची रीत ठरवू. दुकानात दिलेली किंमत घ्यावी, तीत वापराच्या काळातील दुरुस्तीचा खर्च मिळवावा, शेवटी विकून येणारी रक्कम वजा करावी आणि बाकीस वापराच्या महिन्यांनी भागावे. येणारा आकडा म्हणजे त्या यंत्राचे दरमहा भाडे होय. उदाहरणादाखल काही आकडे धरू. ३५,००० रुपयांचा लॅपटॉप तीन वर्षे चालला, त्यावर ६,००० रुपये दुरुस्तीस गेले आणि शेवटी ६,००० रुपये आले, तर भाडे दरमहा सुमारे ९७२ रुपये पडते. ९०,००० रुपयांचा सहा वर्षे चालला, मध्ये ८,००० रुपयांची बॅटरी बदलली आणि १५,००० रुपयांना विकला, तर भाडे सुमारे १,१५३ रुपये. मात्र ६०,००० रुपयांचा मजबूत बांधणीचा लॅपटॉप सहा वर्षे चालला, त्यात बॅटरी व जादा रॅम यांसाठी ९,००० रुपये घातले आणि ८,००० रुपये परत आले, तर तेच भाडे सुमारे ८४७ रुपयांवर उतरते. आकडे बदलतील, रीत बदलणार नाही. अधिक पैसे दिल्याने बचत होऊ शकते, परंतु ती एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढील रुपया आयुर्मान वाढवीत नाही.

ही मर्यादा कोठे येते, हे यंत्राच्या आत डोकावल्याशिवाय कळत नाही. स्वस्त लॅपटॉप बहुधा बिजागरीपाशी मोडतो. पडदा तोलून धरणाऱ्या बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकात बसविलेल्या लहान पितळी आट्यांत आवळलेले असतात. दिवसातून दहा वेळा झाकण उघडमीट झाली, की दोन वर्षांत ते आटे प्लास्टिकासह उखडून येतात. मग बिजागरी, पाठीचे आवरण आणि कधी पडद्याची वायरही बदलावी लागते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! कार्यालयीन वापरासाठी बनविलेल्या श्रेणींत – थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही त्यांतील परिचित नावे – बिजागरीला सहसा धातूचा आधार असतो, तळाचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडते आणि सुटे भाग बाजारात पुष्कळ वर्षे मिळत राहतात. येथे दिलेला जादा पैसा टिकाऊपणात जातो.

याउलट अतिशय पातळ बांधा, स्पर्शपडदा, ओएलईडी पडदा, झगमगते दिवे यांसाठी दिलेला पैसा सोयीचा वा हौसेचा असतो. हौस वाईट नव्हे, पण ती बचतीच्या खात्यात मांडू नये. किंबहुना पातळपणा कित्येकदा बचतीच्या आडच येतो, कारण जागा वाचविण्यासाठी रॅम मदरबोर्डवरच डाखलेली असते. मॅकबुक एअरचेच पाहा. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेले एम१ चिपचे मॉडेल पंख्याशिवाय चालते, त्याला पुनर्विक्रीची किंमतही चांगली येते. परंतु त्याची रॅम व साठवण नंतर वाढविता येत नाही. ८ जीबी घेतली ती कायमची ८ जीबीच. अगदी स्वस्त यंत्रांतही हाच दोष निराळ्या कारणाने आढळतो: त्यांत एसएसडीऐवजी ६४ जीबीची ई-एमएमसी साठवण बोर्डावर डाखलेली असते आणि विंडोजचे एक-दोन मोठे अपडेट आले, की ती भरून जाते. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न किमतीचा नसावा. रॅमसाठी रिकामा स्लॉट आहे काय, एसएसडी बदलता येते काय, बॅटरी किती वर्षे मिळेल, हे आधी विचारावे.

बॅटरीला मात्र महाग-स्वस्त असा भेद फारसा कळत नाही. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारणपणे ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर लक्षणीय घटते. काही उत्पादक १,००० चार्जपर्यंतची ग्वाही देतात. उष्णता आणि सदैव शंभर टक्के चार्ज हे तिचे दोन शत्रू. वसतिगृहात लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवून वापरण्याची जी सवय आहे, तिने तळाच्या हवेच्या वाटा बंद होतात आणि ९०,००० रुपयांचे यंत्रही ३५,००० रुपयांच्या यंत्राइतकेच तापते. एक लाकडी पाट पुरे.

आयुर्मान केवळ लोखंड-प्लास्टिकावर ठरत नाही. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृत यादीत नाहीत. परिणामी धडधाकट असलेली, एके काळची महागडी यंत्रेही एका दिवसात 'जुनी' ठरली. सहा वर्षांचा हिशेब मांडताना ही शक्यता धरावीच लागते.

आणखी दोन गोष्टी दुकानदार सांगत नाही. पहिली व्याजाची. कर्ज काढून घेतलेल्या जादा रकमेवर व्याज चढते आणि ते वरच्या भाडय़ात मिळविले, की महाग यंत्राची बाजू आणखी लंगडी पडते. दुसरी जोखमीची. साध्या हमीत पडझड किंवा सांडलेले पाणी येत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण विकत घ्यावे लागते. गर्दीच्या खोलीत, एसटीच्या प्रवासात, सामायिक टेबलावर वावरणारे यंत्र पहिल्याच वर्षी पडले वा चोरीस गेले, तर सहा वर्षांचा सगळा हिशेब पाण्यात. तथापि दुसऱ्या बाजूलाही एक नोंद हवी. परीक्षेच्या आदल्या रात्री अथवा शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी बंद पडणारे स्वस्त यंत्र जे नुकसान करते, ते कोणत्याही भागाकारात बसत नाही. म्हणून तीन वर्षांची वाढीव हमी परवडत असेल, तर पातळ पडद्याऐवजी तिच्यावर पैसे घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला एक मार्ग, ज्याकडे आपले पालक कमीपणा वाटून पाहत नाहीत: वापरलेला, दुरुस्त करून विकला जाणारा लॅपटॉप. कंपन्या आपली यंत्रे बहुधा तीन-चार वर्षांनी बदलतात आणि ती मजबूत श्रेणीची यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत येतात. असे यंत्र २५,००० रुपयांना घेऊन त्यात ४,००० रुपयांची बॅटरी घातली, तीन वर्षे वापरले आणि ४,००० रुपयांना विकले, तर भाडे सुमारे ६९४ रुपये पडते. वरील सर्वांहून कमी. मात्र आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, लेखी हमी, आणि विंडोजमधून काढता येणारा बॅटरीचा अहवाल एवढे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या वस्तूत कमीपणा कसला? न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेऊन सुमारे २,००० पुस्तके जमविली, ती जुनीच होती.

विनयपिटकातील चुल्लवग्गात कोसंबीच्या उदेन राजाची कथा आहे. राण्यांनी आनंद स्थविरांना पाचशे चीवरे दान दिल्याचे ऐकून राजाने विचारले, की इतक्या वस्त्रांचे हे करणार तरी काय? आनंदांनी क्रम सांगितला: ज्यांची चीवरे विरली त्या भिक्खूंना नवी द्यायची, जुन्यांची पलंगपोस, त्या जुन्या झाल्या की गादीची खोळ, मग अंथरणे, मग पायपुसणी, मग धूळ झाडण्याची फडकी आणि अखेरीस त्याच्या चिंध्या मातीत मळून जमीन लिंपायची. राजाने प्रसन्न होऊन आणखी पाचशे वस्त्रे दिली.

लॅपटॉपचाही असा क्रम लावता येतो. पदवीची चार वर्षे थोरलीने वापरावा. मग नवी बॅटरी घालून धाकट्याने. विंडोज पेलेनासे झाले, की त्यावर लिनक्स मिंट बसवावे. टंकलेखन, वाचन आणि व्याख्याने पाहणे यांस ते पुरते. तेही जड झाले, तर एसएसडी काढून बाहेरील साठवणीसाठी वापरावी आणि उरलेला सांगाडा ई-कचरा संकलनाकडे द्यावा. मधल्या टप्प्यावरील, म्हणजे चालणारे परंतु घरात पडून राहिलेले यंत्र कोणा माजी विद्यार्थ्याकडे असेल, तर ते चार्जरसह शाळेत आणून द्यावे. आठवीच्या मुलांना स्क्रू कोणता कोठे बसतो, हे शिकावयास उघडता येईल असे यंत्र हवेच असते.